मेंबरचाचांनी लिहून घेतलेली यादी

आमच्या मोहल्ल्यातली शाळा बंद झाली ती माझ्या हातच्या कागदामुळे. हे लिहिताना पण भीती वाटते, कारण अम्मी अजून गावात त्यांच्याच भरवशावर आहे.

ते म्हणजे मेंबरचाचा, आमच्या भागातले जिल्हा परिषदेचे मेंबर, लांबच्या नात्यातले. वाईट माणूस असं त्यांना कोण बोलत नाय. खाडीकाठच्या चार वाड्यांना नळ त्यांनी आणला, अम्मीचा विधवेचा पगार त्यांनी चालू केला, मला कळा आल्या तेव्हा त्यांच्याच जीपमधून तालुक्याला नेलं, आणि नवरा इथे कुवेतला म्हणून पोरीच्या कानात अजान पण त्यांनीच दिली.

ती पोरगी आता तिसरीत आहे. मी इथे सलवा भागात एका क्लिनिकमध्ये साफसफाई करते, नवरा ड्रायव्हर, दोघं अब्बासिया भागात एका खोलीत राहतो, तिचा विझा काय होत नाय, म्हणून ती अम्मीकडे.

गेल्या थंडीत चाचा इथे आले, इथल्या आमच्या गाववाल्यांच्या जमातीने शुक्रवारचं जेवण ठेवलं. जेवल्यावर चाचा बोलले, "शाळेचं छप्पर करायचंय. परदेशातली माणसं पाठीशी आहेत म्हटल्यावर साहेबांवर वजन पडतं. कोण कोण इथे आहे त्याची यादी द्या, सह्या करा. वर जागा सोडा, मजकूर मी ऑफिसात टाईप करून घेतो."

मराठी लिहायची सवय कोणाला उरली नाय. मी सातवी शिकलेली.

"ये गे बेटी," चाचा बोलले, "तू आमची मास्तरीण."

मला केवढं बरं वाटलं, काय सांगू. आता आमच्यात कुटुंब लिही म्हटलं की आम्ही रेशनकार्डावर असतं तसं लिहितो, आधी बाप, खाली बायको, खाली पोरं, मग पोरं कुठे का असेनात. सगळे सांगत गेले, मी लिहीत गेले, माझं नाव लिहिलं आणि खाली माझ्या पोरीचं.

जूनमध्ये अम्मीचा फोन. "शाळेला कुलूप आहे गे. मास्तर बोलतो, पट नाय, नऊ पोरं कुवेतला राहायला गेली, आईबापाच्या सह्यांचा कागद आलाय." तिने नावं सांगितली, मी लिहिली त्याच क्रमाने. सहावं माझ्या पोरीचं. वर सोडलेल्या जागेत चाचांनी छपराचं नाय, हे टाईप करून घेतलं होतं.

आता ती नऊ पोरं चाचांच्या गावच्या शाळेत जातात. तिथला पट घसरलेला, दुसरा मास्तर जाणार होता, आमच्या पोरांनी तो राहिला. कागदावर कुवेतला असलेली पोरं तिथल्या हजेरीत बरोबर आहेत. रस्ता खाडीच्या बांधावरनं, भरतीला पाणी बांधावर चढतं, आणि माझ्या पोरीला पोहता येत नाय.

मी चाचांना फोन लावला. "चाचा, पोरगी तुमच्या डोळ्यांसमोर गावात फिरते ना?"

"मग तू कशाला लिहिलंस तिचं नाव?"

"तुमी छप्पर बोलला होता."

"बेटी, मला चार वाड्यांचं बघावं लागतं. एक शाळा तरी नीट चालू दे." मग हसून बोलले, "अम्मीचा हयातीचा दाखला या महिन्यात द्यायचाय ना? पाठव तिला माझ्याकडे, मी बघतो."

मी "बरं" म्हटलं. जीपमधून नेणारा हाच माणूस, आणि मी बरं म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी दुसरा कागद लिहिला, पोरं गावातच राहतात, शाळा उघडा. घेऊन दारोदार फिरले. इथल्या खैतान भागातली एक भाभी सही करायच्या आधी बोलली, "मोठ्याने वाच. परत वाच. मागच्या वेळी पण तूच होतीस, मास्तरीणबाई." मी दोनदा वाचलं, कोरी जागा नाय हे बोट ठेवून दाखवलं. नऊ घरांतल्या चार घरांनी सह्या दिल्या. बाकीचे बोलले, उद्या नळ तोडला तर?

नवरा बोलला, "तुझी सही मध्ये कर, लपेल." मी सगळ्यात वर केली. सुट्टीवर जाणाऱ्या एका माणसाकडे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसासाठी कागद दिला. तो पोचला, पण अजून काय उत्तर नाय. चाचांचा फोन पण येत नाय, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटते.

अम्मीला यातलं काय सांगितलं नाय. आज सकाळी फोन केला तर बोलली, "गेली गे शाळेत, आज ओहोटी आहे."

उद्याचं मी विचारलं नाय.