फाट्यावरचा फ्लेक्स आणि आईचं हृदय

"अँजिओग्राफी स्वच्छ आहे. एकही ब्लॉक नाही," डॉक्टर म्हणाले. मला हायसं वाटणार तोच त्यांनी पडद्यावर आईचं हृदय दाखवलं. डाव्या कप्प्याचं टोक फुग्यासारखं फुगलं होतं आणि जवळजवळ हलत नव्हतं.

"याला टाकोत्सुबो कार्डिओमायोपथी म्हणतात. जपानात ऑक्टोपस धरायचं मडकं असतं, तसा आकार होतो हृदयाचा. मोठा धक्का बसला की होतं असं. आज काही वाईट बातमी कळली का यांना?"

मी हो म्हणाले. ती बातमी कुणी दिली, हे सांगायला तोंड उघडेना. इथे लिहिते आहे.

आदल्या दिवशी उत्तरेकडच्या एका डोंगरी गावात अतिरेक्यांनी पर्यटकांवर गोळ्या झाडल्या होत्या. माझा मामा तिथे होता. एरवी तो पानशेतच्या एका हॉटेलात स्वयंपाक करतो, सुट्ट्यांत सहलवाल्यांबरोबर आचारी म्हणून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शिवऱ्याच्या कंपनीत पॅकिंगला गेल्यावर मी टीव्ही लावला. तीच काही सेकंदं पुन्हा पुन्हा: पळणाऱ्या बायका, एक उलटी चप्पल, वर सिनेमासारखं संगीत. चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. खाली 'मृतांची यादी' या मथळ्याखाली नावं सरकत होती. त्यात मामाचं नाव आलं. गाव, तालुका, सगळं बरोबर.

मी मामाला दोनदा फोन लावला. लागला नाही. तोच मी पुरावा मानला.

वडील होते तोवर आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. ते चळवळीतले. मोर्चा असो, जयंती असो, ते मजकूर लिहायचे आणि आई रात्री जेवणं झाली की घड्या घालायची. काही वाईट घडलं की लिहून चार लोकांपुढे ठेवायचं, हेच मी शिकले. रागाच्या भरात मी दहा ओळी लिहिल्या, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' घातलं, मामाचा फोटो जोडला आणि नसरापूरच्या फ्लेक्सवाल्याला मोबाईलवर पाठवलं. फ्लेक्स संध्याकाळी लागेल, आई तीनला येईल, तोवर तिला जवळ बसवून सांगू, असं मी ठरवलं होतं.

त्यानं दोनलाच लावला. आमच्या वरव्याच्या फाट्यावर आई एसटीतून उतरली ती सख्ख्या भावाच्या फोटोसमोर.

मी धावत पोचले तेव्हा तिच्या छातीत दडपण, दरदरून घाम, हात गार. कुणी म्हणालं पित्त आहे, सोडा द्या. मीही पंधरा मिनिटं सोडा पाजण्यात घालवली. तुम्ही घालवू नका. आम्ही टेम्पोत घालून तिला पुण्याला नेलं.

आयसीयूबाहेर बसायच्या जागी टीव्ही होता. डॉक्टर इजेक्शन फ्रॅक्शनबद्दल सांगत होते, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त पुढे ढकलतं ते. आईचं फार खाली गेलं होतं. "पुढचे दोन दिवस नाजूक. आता आणखी धक्का नको," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यामागे पडद्यावर माझा फ्लेक्स दिसत होता. 'भोर तालुक्यावर शोककळा.' निवेदिका माझ्याच ओळी वाचत होती. मी चॅनेलच्या भरवशावर लिहिलं आणि चॅनेल माझ्या भरवशावर सांगत होतं. आम्हा दोघांपैकी कुणीही मामाचा मृतदेह पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "अगं पोरी, मी हाय." गोळीबार झाल्यावर मामा सहलीतल्या काही माणसांना घेऊन एका मेंढपाळाच्या घरात लपला होता. मोबाईल स्वयंपाकाच्या गाडीत राहिला. चॅनेलनं बेपत्ता माणसांची नावं मेलेल्यांच्या मथळ्याखाली चढवली होती. पुढे ती पट्टी गुपचूप काढली. चुकलो, असं कुणी म्हटलं नाही.

डॉक्टरांना विचारून मी आत गेले. आईनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मामा जिवंत असल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली,

"डाक्टरनी शिकवलं व्हय असं बोलायला?"

मी शपथ घेतली. तिनं तोंड भिंतीकडे केलं. "म्या बघितलंय. छापलंय तितं. तू खोटं छापशील व्हय?"

एवढं कुणी मला आजवर मारलेलं नाही.

मी सिस्टरच्या हातापाया पडले. त्यांनी व्हिडिओ कॉल करू दिला. पडद्यावर मामा आला, दाढी वाढलेला. फ्लेक्सचं आणि फोटोचं मी त्याला सकाळीच सांगितलं होतं.

"आक्का, फोटू तरी बरा टाकायचा. लग्नातला टाकलाय, फेटा पार कानावर."

आई हसली नाही. खूप वेळ त्याला न्याहाळून म्हणाली, "हाताला काय झालंय?"

"खरचटलंय."

"हळद लाव." मग सिस्टरकडे वळून म्हणाली, "बाई, पेज हाय का काई?"

फोन ठेवण्याआधी मामा मला म्हणाला की गोळीबाराच्या दिवशी सकाळी त्याच्या हातचे पोहे खाल्लेली दोन माणसं गेली. कोण, मी विचारलं. "आदी त्यांच्या घरच्यांना कळू दे. टीव्हीला न्हाई, तुलाबी न्हाई."

पाच आठवड्यांनी पुन्हा इको केला. हृदय मूळ आकारात आलं होतं. हा आजार बहुतेकदा असा बरा होतो, फक्त वेळेत दवाखाना गाठायला हवा. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. मामाचा फोन आला त्याच दिवशी फ्लेक्स मी स्वतःच्या हातानं उतरवला होता आणि मग गावात घरोघर जाऊन माफी मागितली. चॅनेलला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

आई कामावर जाते. पण मी काही वाचून दाखवायला लागले, अगदी पाणी कधी येणार एवढंसुद्धा, की ती मला थांबवते. "कुणाला इचारलंस?" नाव सांगता आलं नाही, तर ती उठून कामाला लागते. मग मी चपला घालते आणि विचारायला जाते.