शाळूवरचा सफेदा

सोलापूरच्या भवानी पेठेत एका चित्रकाराकडे मी नाटकाचे पडदे रंगवायला शिकत होतो. त्यांना मी गुरुजी म्हणे. माढ्याकडचं रान सोडून मी कुंचला धरला, हे वडिलांना मुळीच रुचलं नव्हतं. "संक्रांतीला येऊन बगतो. पोट भरंल असं दिसलं तर ऱ्हा, न्हाय तर चल गावाकडं," असं त्यांनी बजावलं होतं.

त्याच थंडीत एका नाटक मंडळीला हिवाळ्याच्या प्रवेशासाठी पडदा हवा होता. गुरुजींच्या भिंतीवर विलायती कॅलेंडरं होती, सगळी बर्फाची. मी तीच गिरवायला बसलो, तर त्यांनी कुंचला काढून घेतला. "बर्फ पाहिलायस कधी? आपली थंडी शाळूच्या रानात असते. ती काढ. सोलापूरचा पडदा सोलापूरचा दिसू दे." मी हरखून गेलो. आमचंच रान काढलं. हुरड्यात आलेला शाळू, राखणीचा माळा, बांधावरची वाकडी बाभळ. कणसांचा रंग जमेपर्यंत मला जेवणाचीही शुद्ध नव्हती.

वडील आले त्या सकाळी मी त्यांना स्टेशनावरून ऐटीत घेऊन आलो. पडद्यापुढे मंडळीचे मालक उभे होते. मी पडद्याकडे पाहिलं. कणसांवर पांढऱ्या रंगाचा सफेदा, माळ्यावर सफेदा, बांधावर सफेदा. मालकांना बर्फ हवा होता आणि गुरुजींनी मला न विचारता तो घातला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आदल्या दिवशी एक शब्द बोलले असते, तर मी वडिलांना स्टेशनावरच थोपवलं असतं.

वडील पडद्याजवळ गेले. "ही तर आपली बाबळ की." मग आवाज उतरला. "गारा पडल्यात व्हय रं? भरल्या शाळूवर? आपल्याच रानावर गारा काढाया तुजा हात कसा धजला?"

मालकांसमोर गुरूला खोटं पाडायची रीत नव्हती. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्या नखांत सफेदा होता. ते कॅलेंडराकडे पाहत होते.

वडिलांनी उपरण्यात बांधून आणलेला हुरडा सोडला आणि मुलाचा गुरू म्हणून आधी त्यांच्यापुढे धरला. गुरुजींनी मूठभर तोंडात टाकला.

"गोड आहे," म्हणाले.

गावाकडच्या दुपारच्या गाडीत मी वडिलांशेजारी बसलो होतो.