भट्टीत टाकलेली जोडवी

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांच्या गप्पा मला सहन होत नाहीत. नगरच्या कॉलेजात प्रयोगशाळेची यंत्रं सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली. पण आमच्या कानिफनाथचं सांगायचं तर ती दुपार सांगावीच लागते.

कानिफनाथ आमचा शिपाई. पाथर्डीकडचा, चौथी शिकलेला. त्याची बायको मनकर्णा भावाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेली होती. सत्तर साली तिकडे कोपीला, त्यांच्या पाचटाच्या झोपडीला, आग लागली, त्यात ती गेली. हा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुकादमाने काळी, वेडीवाकडी झालेली जोडवी तेवढी हातावर ठेवली, ही तिचीच म्हणून. तेव्हापासून त्याच्या स्वप्नात एक बाई चुलीपुढे पाठमोरी बसलेली असायची. हाक मारली तरी तोंड दाखवायची नाही. तिला कसं सोडवावं, एवढंच याच्या डोक्यात.

बहात्तरच्या दुष्काळात प्रयोगशाळेत आमच्या प्राध्यापक सरांचं संशोधनाचं काम चाललं होतं. भट्टीत धातूची वाफ करायची आणि तिच्यात हायड्रोजन सोडायचा. दोघांची जोडी जमते ती क्षणभरच. तेवढ्यात तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड सोडायचा. जोडी त्यातला आपला वाटा खाते आणि यंत्राची लेखणी कागदावर तेवढ्याच जागी दाते काढते. प्रत्येक धातूचे दाते निराळे. चार वर्षं कागद फाडून कानिफनाथला ते पाठ झाले होते. विद्यार्थ्यांना तक्ता लागायचा, या पठ्ठ्याला नाही.

मध्येच चांदी संपली. मुंबईहून यायला महिना लागणार होता. कानिफनाथने फडक्यातली जोडवी काढून पुढे केली. वाफ होऊन सुटंल बिचारी, म्हणाला. सर नको म्हणत होते, मीच म्हटलं, घ्या. माझंच चुकलं.

भट्टी लाल झाली, लेखणी हलू लागली. तो कागदावर वाकला आणि तसाच राहिला. मला वाटलं, रडतोय.

"चांदी न्हाई ही," तो म्हणाला. "जस्ताचे दाते हायत."

सरांनी दोनदा पट्टी लावली. चांदीच्या जागी कागद कोरा होता. साधी जर्मन सिल्व्हरची जोडवी होती ती, नावाला सिल्व्हर, आत तांबं, निकेल आणि जस्त. कानिफनाथने तर लग्नात सोनाराकडे बसून, कसाला लावून चांदी घेतली होती. मी म्हटलं, अरे, अडीनडीला विकून दुसरी घातली असतील. त्याने मान हलवली. जिती असेपर्यंत ती पायातून काढायची नाही, म्हणाला.

मी आपला शहाण्यासारखा बोलून गेलो, म्हणजे मनकर्णा जिवंत असेल की रे!

त्याचं लक्षच नव्हतं. तो भट्टीकडे बघत होता. लेखणी अजून दाते काढत होती.

"आधी ती भट्टी बंद करा, सर," तो म्हणाला. "कोनाची तरी लेक हाय. दुसऱ्यांदा जाळतोय आपन तिला, आन् तिचं नावबी ठावं न्हाई."