वन्संचा शेवटचा डबा

दुपारच्या जेवणानंतर मी डाव्या कुशीवर पडते. झोपत नाही, पडते. या घरात दिवसा कोणी झोपायचे नाही, ही शिस्त मीच घातलेली आहे. पौषातले ऊन खिडकीतून पायांवर आलेले आहे. स्वयंपाकघरात माझी नातसून गार्गी भांडी आवरीत आहे. भांड्यांचे आवाज एकेक करून गळत जातात आणि शेवटी एकच उरतो, परातीत दाणे फिरल्याचा.

तो आवाज, वन्संच्या हातचा, आमच्याकडे वर्षभरात झालेला नाही.

मी कामाच्या खोलीच्या दारात उभी आहे. शेगडीपाशी वन्सं बसलेल्या आहेत. कुमुदिनी, माझ्या यजमानांची धाकटी बहीण, गेल्या रथसप्तमीनंतर गेलेली. अंगावर निळ्या पट्ट्यांची साडी, दोन्ही हात पदराखाली. परातीतले तीळ मात्र आपले आपण फिरत आहेत, आणि त्यांच्यावर पाकाचा काटा चढत आहे, पांढरा, बारीक, टोकदार.

"विस्तव जास्त झाला आहे," मी म्हणते.

"वहिनी, मी मेले तरी तुमचे हुकूम दारातूनच. आत या. उंबरा काही चावत नाही."

मी आत जाते. आमचा धंदा हलव्याच्या दागिन्यांचा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे हार, बाजूबंद, नथ. तान्ह्या मुलांच्या बोरन्हाणाचे मुकुट. हलवा वन्संनी करायचा आणि दागिने मी घडवायचे, अशी आमची वाटणी. बाजारचा हलवा आमच्या दोऱ्यात कधी ओवला गेलेला नाही. सारे नाशिक आमच्याकडे येते ते एवढ्याच कारणाने.

"वर्ष कसं गेलं?" वन्सं विचारतात.

"नीट गेलं. पावसाळ्यात तुमच्या डब्यांत चुन्याच्या पुरचुंड्या ठेवल्या. एका दाण्याला पाणी सुटू दिलं नाही. गार्गीने कमरपट्ट्याचा नवा नमुना बसवला. तुम्हांला आवडला नसता."

"का बरं?"

"सुरेख आहे म्हणून."

वन्सं खुदकन हसतात. "आणि हलवा कुणाचा?"

"तुमचाच. तुम्ही करून ठेवलेला."

"अजून पुरतोय?"

"काल शेवटचा डबा संपला."

आता आम्ही रुग्णालयाच्या बोळात आहोत. शेगडी तिथेच, भिंतीकडेला. आया निखाऱ्यांवरून पाय उचलून पलीकडे जाते आणि आमच्याकडे पाहतही नाही. वन्संच्या मनगटाची सलाईनची नळी पदराखालून बाहेर आलेली आहे.

"दिवाळीपासून मी रोज शेगडी पेटवते," मी सांगते. "तीळ तेच, पाक तोच. पळीने नव्हे, तुमच्यासारखा चमच्याने घालते. दाणे गुळगुळीत राहतात. काटा म्हणून येत नाही."

"अडलंय कुणाचं?"

"गार्गीचं. तिची पहिली संक्रांत. गिऱ्हाइकांचे दागिने आधी, घरच्या सुनेचे शेवटी, ही आपली रीत. सगळ्यांचे झाले. तिच्यापर्यंत डबा पुरला नाही."

"रीत कुणी पाडली?"

"मी."

"मग आता कुणाला बोलणार," वन्सं म्हणतात, आणि नळी पदराआड ओढून घेतात.

मंगल कार्यालयात हळदीकुंकू चालू आहे. गार्गी पाटावर बसलेली आहे, काळी चंद्रकळा नेसून, अंगभर हलव्याचे दागिने घालून. जवळ गेल्यावर मला दिसते, दाणे माझ्या हातचे आहेत, बोडके. हाराला पाणी सुटते. बाजूबंद कोपरावरून ओघळतो. पाकाचे चिकट ओहोळ चंद्रकळेवरून पाटावर उतरतात, आणि गार्गी मान खाली घालून बसून राहते, कारण मोठ्यांसमोर हलायचे नाही हे तिला मीच शिकवलेले आहे.

"तिला उठवा," मी सांगते. बायका वाण लुटत राहतात. मी आवाज चढवते. या आवाजाने तीन पिढ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आहेत. इथे कोणी वळूनही पाहत नाही.

शेगडी माझ्या पायाशी आहे. मी वन्संसमोर खाली बसते. गुडघे कुरकुरत नाहीत.

"काटा कसा आणायचा, तेवढं सांगा."

"सांगायला बसले तर खोटं सांगेन. मला कुठे ठाऊक होतं, वहिनी? हातांना ठाऊक होतं."

"मग हात दाखवा."

"ते तुम्ही गोदेकाठी नेऊन जाळलेत."

आवाजात राग नाही. आमटीत मीठ कमी आहे, हे सांगावे तशा त्या सांगतात. पदर जागचा हलत नाही. मीही तो बाजूला करायला हात पुढे नेत नाही.

"तुमचे आहेत की," वन्सं म्हणतात. "घाला परातीत."

मी घालते. निखाऱ्यालाच हात लागावा तशी धग लागते, आणि मी तो मागे ओढते.

"काढलात. पुन्हा घाला. मधली दोन बोटं. आणि कृपा करून बोलू नका."

मी पुन्हा घालते. डोळ्यांत पाणी येते, ते मी येऊ देते. दाणे फिरतात. थोड्या वेळाने बोटांच्या टोकांखाली काहीतरी टोचते, अगदी हळू, तान्ह्या मुलाच्या नखासारखे.

"आला का हो?" मी विचारते.

"मला काय विचारता," वन्सं म्हणतात, "बोटं कुणाची..."

"आजी, चहा."

ऊन पायांवरून भिंतीवर गेलेले आहे. गार्गी कपबशी घेऊन उभी आहे, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"मी बाजारातून हलवा घेऊन येते. माझ्यापुरताच. कुणाला कळायचं नाही."

मी उठते. गुडघे कुरकुरतात. कामाच्या खोलीत शेगडी गार आहे, तिच्यात कालची राख. परात घासून भिंतीला पालथी टेकवलेली. कोपऱ्यात वन्संचा शेवटचा डबा, झाकण उघडे. डबा पुढे ओढण्यासाठी मी हात लावते आणि कळ मस्तकात जाते. उजव्या हाताची मधली दोन बोटे टोकांशी लाल झालेली आहेत. एकावर फोड टरारून आला आहे.

"अगबाई, कशाने भाजलं?" गार्गी मागेच आलेली आहे. "थांबा, तूप आणते."

"नको."

"उद्यापर्यंत चिघळेल, आजी."

"नको म्हटलं ना."

मला तो फोड इतक्यात बरा व्हायला नको आहे.

ती थांबते. मग पिशवीचे बंद चाचपत विचारते, "मग हलव्याचं काय करू? जाऊ का?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी आहे. या घरात असे पाहणाऱ्याला मी आजवर ताटकळत ठेवलेले नाही. मी ती दोन बोटे तळहातात मिटून घेते आणि मूठ घट्ट करते, आत परातीतल्यासारखे टोचेपर्यंत.