पार्किंगमधला तास

पन्नाशीला टेकलेला माणूस एम.ए.च्या वर्गात बसला की पोरं त्याला काका म्हणतात. कळंबला माझी पिठाची गिरणी आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर गिरणी, असं सध्या चाललंय. विषय इतिहास.

इतिहासच का, असं बायको विचारते आणि मला नीट सांगता येत नाही. आमच्या शेताचे जुने कागद उर्दूत का, पाटलाच्या हातात नेमका कारभार किती, असली खुळं डोक्यात. ती ऐकून घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. आमचे सर माझ्याहून बरेच लहान. तास संपला की मी त्यांना पार्किंगमध्ये गाठायचो. हेल्मेट हातात धरून, मोटारसायकलला टेकून ते सांगत राहायचे. कधी अर्धा तास, कधी जास्तच. घरी मी फुशारकी मारायचो, सर खास माझ्यासाठी थांबतात म्हणून.

मग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी काम बंद केलं. म्हणजे जे कायम नाहीत, घेतलेल्या तासापुरताच ज्यांना पगार, त्यांनी. आमचे सर त्यांच्यातले, हे मला गेटसमोरच्या मांडवात ते दिसल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, सर म्हणजे सर.

जवळ जाऊन नमस्कार केला. शेजारी बसलेल्या मराठीच्या मॅडम हसल्या.

"हेच का हो तुमचे पार्किंगवाले विद्यार्थी?"

"राहू द्या मॅडम," सर म्हणाले.

"का राहू द्यायचं? काका, ह्यांची पुढची तासिका शेजारच्या वाशीच्या कॉलेजात असती. तुम्ही इथं निजामाचा महसूल विचारत बसता, अन् तिथं ह्यांचा तास बुडतो. कितीदा बुडला, विचारा की!"

ते विचारायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हणालो, "सर, एकदा सांगायचं तरी मला."

"काय सांगायचं? वर्गात कुणी तोंड उघडत न्हाय. एकजण विचारतोय, तर त्याला घड्याळ दाखवू?"

मी माझ्या गिरणीत कुणाचं पसाभर धान्य फुकट दळत नाही. या माणसाचे तासच्या तास मात्र मी उचलून नेले होते, आणि वर त्याचं कौतुक सांगत फिरलो होतो.

काही दिवसांनी नोटीस लागली. बाहेरून शिक्षक येणार, हजेरी धरणार, हजेरी कमी पडली तर परीक्षा नाही. आम्ही वर्गात बसलो की संप मोडला, हे उघड होतं. पोरं माझ्याभोवती जमली.

"काका, बसायचं का न्हाय?"

"त्यांना काय विचारतो? त्यांची गिरणी हाय. माझं वर्ष गेलं तर बाप घरात घेत न्हाय."

मी तो प्रश्न तसाच सरांपुढं नेला. ते वैतागले. "मला नका विचारू. बसू नका म्हणलं तर तुमचं वर्ष माझ्या डोक्यावर, बसा म्हणलं तर ही मांडवातली सगळी माणसं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो नाही, व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. पोरांना काहीच बोललो नाही. आधी एक मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली, मग बाकीची. बापाची धास्ती घेतलेला तो पोरगा सगळ्यांत शेवटी आला, माझ्याकडं न बघता.

तेवढ्यात नवे शिक्षक आले. तरुणच होते, तामलवाडीकडून एसटी बदलत आलेले. रिकामे बाक बघून ते माझ्याजवळ आले.

"काका, पोरं कुठंयत?"

"हीच की. बसणार न्हाईत."

त्यांनी मांडवाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मग माझा तास धरतील का हो?"

यांचाही पगार तासापुरताच असणार, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आमचे सर मांडवातून उठून आले होते, त्यांनी ऐकलं.

"ऑफिसात जाऊन रजिस्टरवर सही करा," ते त्या तरुणाला म्हणाले. "तुम्ही आला होता, हे मी सांगीन."

ज्याच्यामुळं यांचा संप मोडायचा, त्याचीच यांना काळजी का? तो तरुण ऑफिसात शिरला. आम्ही सगळे, मांडवातले आणि पायरीवरचे, त्या दाराकडं बघत राहिलो, त्याला सही करू देतात का ते.