घरात कापूस नाही

सई, ओम,

डॉक्टरांनी कागदावर 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस' असं लिहिलं, ते मी दोनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं. अर्थ त्यांनीच समजावला: श्वासातून रोज आत जाणाऱ्या एखाद्या गोष्टीशी फुप्फुसं भांडू लागतात आणि त्या भांडणात स्वतःच सुजतात. माझ्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे बुरशी धरलेला कापूस. मग ते म्हणाले, "आजी, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

तुमच्या बाबांना हे पत्र पसंत नाही. मुलांना कशाला काळजी, म्हणतात. असंच एकमेकांना जपता जपता मी जाणार होते, म्हणून लिहिते आहे.

दिवाळीनंतर खोकला लागला. अंगण झाडताना मध्येच बसावं लागे. तुम्हाला फोनवर सांगितलं, सर्दी आहे. वणीच्या डॉक्टरांनी टीबीच्या शंकेनं थुंकी तपासली. काही निघालं नाही. त्यांनी नागपूरला पाठवलं. तिथे एचआरसीटी झालं, म्हणजे छातीचे पातळ कापांसारखे फोटो. डॉक्टरांनी विचारलं, घरात कबुतरं आहेत? कुजका चारा? कापूस भरून ठेवलाय?

मी म्हटलं, "घरात कापूस नाही."

तुमचे आजोबा शेजारीच होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

कापूस माझ्याच खोलीत होता, छतापर्यंत. माझी खाट त्याला टेकलेली. त्यातली एक वेचणी पावसात भिजली होती, खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास येई. भाव पडले होते, आणि आजोबांनी चारचौघांत सांगितलं होतं, भाव येईपर्यंत कापूस बाहेर काढणार नाही. त्यांच्या भरवशावर गावातल्या चार घरांनीही धरून ठेवला. खरं सांगितलं असतं तर त्यांचा शब्द मोडला असता. शाळेत खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारी मी, त्या शब्दासाठी खोटं बोलले. तेव्हा ते मला प्रेम वाटलं.

दवाखान्यात भरती केलं, तिथे आठ दिवसांत श्वास मोकळा झाला. घरी आले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धाप. परत नागपूर. आता बायॉप्सी ठरली, फुप्फुसाचा तुकडा काढून तपासणं. संमतीचा कागद इंग्रजीत होता. लोक तो न वाचता सही करतात. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. या वयात काय काय होऊ शकतं, ते सगळं तिथे लिहिलं होतं. आजोबा पेन उघडून बसले होते.

"पेन बंद करा," मी म्हटलं, आणि डॉक्टरांना बोलावून कापसाचं सांगितलं.

बायॉप्सी थांबली. बाहेर बाकड्यावर आजोबा म्हणाले, "आता माह्या शब्दाचं काय?"

"तुमच्या शब्दाखाली माझी खाट आहे," मी म्हटलं.

 घरी गेल्यावर त्यांनी कापूस न्यायला गाडी बोलावली. मी ओसरीवर तोंडाला पदर बांधून बसले होते. लोक जमले, तेव्हा आजोबांनी सांगितलं की उंदीर फार झाले म्हणून काढतो. मी पदर खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उंदीर एकही नाही. माझा श्वास कोंडला म्हणून काढताहेत."

आजोबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता कुणीतरी टोमणा मारणार. धरून ठेवणाऱ्या चौघांतला महादेव पुढे आला.

"बाई, मंग हे पयलेच सांगाचं न. माही माय महिनाभरापासून खोकलून राह्यली. तिची बी खाट कापसालेच लागून हाये."

"मग डॉक्टरला काय सांगितलंस?"

"तुमीन सांगतलं असन तेच."

दुसऱ्या दिवशी महादेवची गाडी भरायला तुमचे आजोबा स्वतः गेले. त्यांची मी त्यासाठी ऋणी आहे, आणि हे त्यांना वाचून दाखवलं आहे.

स्टिरॉइड, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, हळूहळू कमी होताहेत. अंगण एका दमात झाडते, पण विहिरीचा चढ अजून जमत नाही. रविवारी फोनवर "आजी, कशी आहेस" असं विचाराल, तर पूर्ण उत्तर ऐकायला वेळ काढून बसा. मग मीही तेच विचारणार आहे, आणि "मस्त" हे उत्तर मी घेणार नाही.

तुमची आजी