घटाला पाणी

नवरात्रात आमच्या घरी आई आणि देवी यांचं भांडण चालायचं. गिरणीच्या चाळीतली दीड खोली, कोपऱ्यात पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पेरलेली ज्वारी न् गहू, आणि वर घट. सकाळी आई ओंजळीनं त्या मातीवर पाणी शिंपडायची आणि शिंपडता शिंपडता बोलायची. दुष्काळाच्या साली रेशनवर तांबडा मिलो, ती अमेरिकेची निकस ज्वारी, आला, तेव्हा म्हणाली, "बाई, तू एक डाव मिलोची भाकरी खाऊन बघ. मग म्हण, समदं बरं हाय." एवढ्या हक्कानं ती माझ्या वडिलांशीही बोलत नसे.

पुढच्याच वर्षी वडील गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर नवरात्र आलं, तेव्हा आईनं सवयीनं माती चाळायला घेतली. आमच्यातच राहणाऱ्या धाकट्या काकांनी तिच्या हातातली चाळण हळूच काढून काकूकडं दिली. विधवेनं घट बसवायचा नसतो, हे तोंडानं म्हणायचं धाडस काही त्यांना झालं नाही. म्हणाले, "वैनी, भक्ती मनात असावी. हातानंच कराय पायजे असं कुटं हाय?" काका स्वतः ओलेत्यानं आरती केल्याशिवाय चहाला शिवत नसत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आईनं मात्र ते खरं धरलं. काकू पाणी घालत असताना ती चुलीजवळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. पहिल्या वर्षी ओठ हलत होते. पुढच्या वर्षी ती तिथं बसून तांदूळ निवडायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "हातात पाणी नसलं की काय बोलावं सुचत न्हाय रं."

नोकरी लागल्यावर मी दुसऱ्या पेठेत खोली घेतली, ती एवढ्यासाठीच. नवरात्राच्या आदल्या दिवशी तिच्यापुढं माती आणून ठेवली. तिनं चाळली, पेरली, घट बसवला. रोज माळ, रोज पाणी, कशात खोट नाही. धान्यही चांगलं तरारून आलं. मी चहा पीत कान देऊन बसायचो. मातीवर पाणी पडल्याचा तेवढा आवाज यायचा.

शेवटच्या माळेला मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, हितं तुला कोण अडवत न्हाय. बोल की."

"कुणासंगं?" ती म्हणाली. खरंच विचारत होती.

मी घटाकडं बोट केलं. तिनं तिकडं पाहिलं, पदराला हात पुसले आणि माझ्या डब्याच्या भाकरी थापायला उठली.